घराचे काम काढताना (लेखांक 6) : फरशीच्या आधी ओल

सांडोरमध्ये एखाद्या दारापुढे खडी-रेतीचा ढीग पडला, की येणारे-जाणारे पहिला प्रश्न विचारतात, ‘‘लग्न कुणाचं आहे?’’ वसईच्या ख्रिस्ती गावांत घराचे काम आणि घरातले लग्न यांची जोडी जुनी आहे. आगमनकाळात आणि उपवासकाळात लग्ने टाळली जातात. म्हणून नाताळनंतरच्या जानेवारीत आणि पुढे ईस्टर उलटल्यावर मे महिन्यात तारखांची गर्दी होते. तारीख ठरली की ओट्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळे नवे हवे असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आगेऱ्याचा सण येतो, पाऊस मागे सरतो, भातकापणीतून माणसे मोकळी होऊ लागतात आणि काम काढले जाते. जानेवारीतल्या लग्नापर्यंत हातात उरतात जेमतेम चौदा-पंधरा आठवडे. मागच्या लेखांकात कंत्राट कसे लिहावे ते पाहिले. या वेळी त्या आठवड्यांत घरात प्रत्यक्ष काय घडते ते पाहू.

या पट्ट्यातले नेहमीचे घर डोळ्यासमोर आणावे. पुढे ओटा, आत मधले घर, भिंतीवर ऑल्तार, वर लाकडी वाशांवर मंगळुरी कौले. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या. मागच्या बाजूला पंचवीस-तीस वर्षांपूर्वी वाढवलेले स्लॅबचे स्वयंपाकघर आणि न्हाणी. म्हणजे एकाच घरात दोन वेगळ्या काळांची, वेगळ्या स्वभावाची बांधकामे शेजारी शेजारी उभी असतात. दोघांचे आजार वेगळे, औषधेही वेगळी. घरमालक मात्र बहुतेक वेळा सुरुवात करतो ती टाइल्सच्या दुकानातून.

तिथेच पहिली गल्लत होते. वसईच्या घराचा खरा शत्रू ओल आहे, आणि ओलीबरोबर येणारे मीठ. जुन्या भिंतीत खालून पाणी चढते. वीट आणि चुना यांना बारीक छिद्रे असतात, त्यांतून जमिनीतली ओल वर ओढली जाते. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, म्हणून ती ओल हवेत निघून जाते. त्यावर कुणी घट्ट सिमेंटचे प्लास्टर चढवले की तिची वाट बंद होते. मग ओल आणखी वर चढते, कमरेएवढी, कधी खिडकीच्या पट्टीपर्यंत. पाणी सुकते, क्षार मागे राहतात आणि भिंतीला लोणा फुटतो. हाताने पुसला तर पिठासारखी पांढरी पूड बोटाला लागते. चार वर्षांपूर्वीच तर प्लास्टर केले होते, ही तक्रार इथे घरोघरी ऐकू येते, आणि बऱ्याचदा त्या प्लास्टरनेच दुखणे वाढवलेले असते.

ओल आतून येते की हवेतून, हे ओळखायला यंत्र लागत नाही. फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीतला दमटपणा नडतो आहे. पहिल्या प्रकारात रंग आणि पुट्टी यांवरचा खर्च वाया जातो. तिथे सिमेंटचा थर उतरवून चुन्याचा गिलावा परत करणे, बाहेरचे पाणी भिंतीपासून दूर नेणे आणि पागोळीचे पाणी पायाशी पडू न देणे, ही कामे आधी येतात. ती फोटोत दिसत नाहीत, पाहुण्यांना दाखवता येत नाहीत. तरीही पैशाचा पहिला वाटा त्यांचाच असायला हवा.

जोत्याचे दुखणे तर गेल्या पंधरा-वीस वर्षांत फार वाढले. रस्त्यावर डांबराचा थर चढतो, पुढे त्यावर आणखी एक, मग काँक्रीट. एकेकाळी तीन पायऱ्या चढून ज्या ओट्यावर यायचे, त्याची एकच पायरी उरते. काही घरांत तर रस्त्यावरून खाली उतरावे लागते. त्यात गावातली बावखले बुजत गेली. पावसाचे गोडे पाणी धरून ठेवणारी ही तळी वाडीला पाणी देत आणि विहिरींना जिवंत ठेवत. जुलै 2018 च्या पुरात वसई तालुका कसा बुडाला ते इथल्या लोकांना विसरता येणार नाही. नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या वडोदरा एक्सप्रेसमधल्या प्रवाशांना बाहेर काढायला तेव्हा एनडीआरएफला यावे लागले होते. त्यानंतर घराचे काम काढणाऱ्या प्रत्येकाने एक आकडा भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवायला हवा होता : पाणी कुठपर्यंत आले. ज्यांनी लिहिला नाही त्यांनी शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारावा. नवी फरशी, विजेचे पॉइंट, फ्रिजचा ओटा, सगळ्यांची उंची त्या रेघेवरून ठरते.

फरशी उचलायची म्हटले की दार आखूड होते, चौकट कापावी लागते, खिडकीची पट्टी गुडघ्याला लागते आणि डोक्यावरची उंची कमी होते. त्यामुळे ‘आत फक्त भर घालू’ हे सोपे वाटणारे काम सुतारापर्यंत पोहोचते. जॅक लावून अख्खे घर वर घेणाऱ्या कंपन्याही देशात आहेत, त्यातल्या काही हरियाणातल्या. पण तो मार्ग पक्क्या, एकसंध बांधकामाला मानवतो. चुन्यातल्या जुन्या भिंतींचा भरवसा अभियंत्याने पाहिल्याशिवाय धरू नये.

आता मागचा स्लॅब. खाडीतली रेती पूर्वी सर्रास वापरली गेली, आणि ती गोड्या पाण्याने धुतली गेलीच असे नाही. रेतीतले मीठ काँक्रीटमध्ये राहते, सळईपर्यंत पोहोचते आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो; तो फुगला की खालचे काँक्रीट सुटते. आधी सळईच्या रेषेत बारीक तडा दिसतो, मग तांबूस डाग, मग एके दिवशी ओट्यावर काँक्रीटचा पोपडा पडतो. पोपडा पडण्याची वाट पाहू नये. छोटी हातोडी घेऊन स्लॅबच्या खालच्या बाजूला हलके ठोकत जावे. भरीव जागी आवाज टणक येतो; सुटलेल्या जागी मडक्यासारखा पोकळ येतो. त्या जागा खडूने गोल करून ठेवाव्यात. दहा मिनिटांत छतावर आजाराचा नकाशा तयार होतो, आणि कंत्राटदाराशी बोलणे त्या नकाशावरून सुरू होते.

दुरुस्ती म्हणजे खालून सिमेंट थापणे नव्हे. सुटलेले सगळे काँक्रीट काढून, सळई चारही बाजूंनी मोकळी करून, गंज घासून, झिजलेल्या सळईला नवी जोड देऊन मगच भरणी होते. नवे काँक्रीट घालायचे असेल तर भारतीय मानक 456 समुद्रकाठची हवा तीव्र वर्गात धरते. त्या वर्गाला किमान एम-30 प्रतीचे काँक्रीट लागते, सळईवर 45 मिलिमीटरचे आवरण लागते आणि पाण्याचे सिमेंटशी प्रमाण 0.45 च्या पुढे जाता कामा नये. गवंड्याच्या भाषेत सांगायचे तर 50 किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी, रेतीतली ओल धरून. प्रत्यक्षात माल सहज पसरावा म्हणून बादलीवर बादली ओतली जाते. त्या वेळी घरातले एक माणूस शेजारी उभे असेल तर बरेच काही वाचते. पाणी कुठले, हेही पाहावे. किनाऱ्याजवळच्या काही विहिरी खारट झाल्या आहेत. जे पाणी चहाला चालत नाही ते काँक्रीटलाही चालत नाही.

कौले काढून स्लॅब टाकण्याचा मोह इथे फार मोठा आहे. वरती खोली मिळते, माकडांचा आणि कौले परतण्याचा त्रास संपतो, हे खरेच. पण वजनाचा हिशोब करावा. 1865 मध्ये बाझल मिशनने मंगळुरात कारखाना काढला आणि ही कौले पुढे पश्चिम किनारा चढत आली. रिपांसकट त्यांचे वजन चौरस मीटरला साधारण 65 किलो भरते. पाच इंचांच्या स्लॅबचे नुसते स्वतःचे वजन तीनशे किलोच्या वर जाते, माणसे आणि सामान वेगळे. जी भिंत कौलांसाठी बांधली तिच्यावर पाचपट भार टाकायचा, तर वेगळे कॉलम आणि वेगळा पाया हवा. तो खर्च सुरुवातीच्या अंदाजात क्वचितच असतो.

भिंत काढण्याचेही तसेच. ‘हॉल मोठा करू, मधली भिंत उडवू’ हे वाक्य प्रत्येक कामात एकदा तरी येते. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि 17 जणांचा जीव गेला. तळमजल्यावर तेव्हा फेरबदलाचे काम सुरू होते. ती इमारत होती, आपले तर बैठे घर, असे म्हणून कुणी निश्चिंत होऊ नये. बैठ्या घरात भिंतच आढ्याचा भार उचलते. कोणती भिंत नुसता आडोसा आहे आणि कोणती भार घेते, हे गवंड्याने अंदाजाने सांगायची गोष्ट नाही. स्ट्रक्चरल इंजिनीअरची एक भेट संपूर्ण कामाच्या खर्चापुढे किरकोळ असते.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार रंग, गिलावा, नवी फरशी, कौले बदलणे अशा कामांना बांधकाम परवानगी लागत नाही. खोली वाढवणे, मजला चढवणे, भार घेणाऱ्या भागाला हात लावणे यांना लागते, आणि ती 2009 मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महापालिकेच्या नगररचना विभागाकडून घ्यायची असते. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. ती फक्त कर भरल्याची खूण आहे. वडिलोपार्जित घरांत आणखी एक गाठ असते : सातबारावर किंवा मालमत्ता पत्रकावर भावा-बहिणींची नावे सामाईक असतात. त्यांतली एखादी बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी, एखादा भाऊ आखातात. त्यांची लेखी संमती खडी पडण्याआधी घ्यावी. अर्धा स्लॅब उभा असताना सुरू झालेला घरगुती वाद मिटायला फार वर्षे लागतात.

आता राहण्याचा प्रश्न. बहुतेक कुटुंबे घर सोडत नाहीत. मागची खोली तोडली की पुढे सरकतात, पुढची काढली की मागे. ते जमते, पण दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून चालू राहिल्या पाहिजेत : एक संडास आणि एक चूल. नवी न्हाणी वापरात येईपर्यंत जुनी तोडायची नाही, हे कंत्राटात लिहूनच घ्यावे. स्वयंपाक पडवीत किंवा ओट्याच्या कोपऱ्यात हलतो. गॅसची शेगडी आणि सिलिंडर धुळीपासून आणि टाइल्स कापण्याच्या यंत्रापासून दूर हवेत. टाइल्स पाणी मारत कापायला सांगावे, कारण कोरड्या कापणीची बारीक धूळ फुप्फुसात बसते. जुने सिमेंटचे पत्रे फोडू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ओले करून अख्खे उतरवावेत. घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असेल तर तोडफोडीचे दोन-तीन आठवडे त्यांना मामाकडे, मावशीकडे पाठवावे.

ऑल्तार सगळ्यांत आधी उतरवतात आणि सगळ्यांत शेवटी लावतात. मधल्या काळात मूर्ती जुन्या साडीत गुंडाळून कपाटात जाते आणि संध्याकाळचा रोझरी अर्धवट भिंतीसमोर होतो. कामाचे दिवस लांबले की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सर्वांत जास्त बोचते ते हेच. आठवडाभराच्या तोडफोडीनंतर एक कोपरा झाडून-पुसून त्यांच्यासाठी परत मांडून दिला तर घरातला बराच ताण उतरतो.

तारखेचे गणित इथेच पक्के करावे. मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस काढता येत नाहीत, त्याहून लांब असेल तर चौदा. सहा मीटरपेक्षा लांब बीमला एकवीस. मिश्र सिमेंट असेल तर किमान दहा दिवस पाणी मारत राहावे लागते. गोणपाटे पसरून ती सतत ओली ठेवावीत. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून भागत नाही, कारण डिसेंबरचा कोरडा वारा दुपारपर्यंत सगळे सुकवतो. न्हाणीचे वॉटरप्रूफिंग झाले की पाणी तुंबवून दोन दिवस खालचे आणि बाजूचे डाग पाहायचे, मगच टाइल्स. नवे प्लास्टर महिनाभर वाळल्याशिवाय रंग लावू नये. हे दिवस एकापुढे एक मांडले की लक्षात येते : ऑक्टोबरच्या मध्यात तोडायला घेतलेल्या घराला जानेवारीत रंग लागू शकतो, पण वाटेत एकही आठवडा वाया गेला तर नाही. दिवाळीला कारागीर गावी जातात आणि तो आठवडा जातोच. म्हणून लग्न जानेवारीत असेल तर या हंगामात ओल, छप्पर आणि न्हाणी एवढेच उरकावे. स्लॅब आणि मोठी तोडफोड पुढच्या वर्षावर ठेवावी. पाहुण्यांना साधा चुना मारलेली कोरडी भिंत चालते.

तोडफोडीचा राबिट कुठे जातो, याचीही जबाबदारी मालकाचीच. टेम्पोवाला ‘बघतो’ म्हणाला, की तो बहुधा एखाद्या बावखलात किंवा मिठागराच्या कडेला पडतो, आणि पुढच्या जुलैत तेच पाणी आपल्या ओट्याशी येते. जुन्या विटा आणि चुन्याचे तुकडे भरावाला चांगले. सागाचे वासे तर विकत घ्यायला माणसे दारात येतात. उरलेला माल कुठे उतरवला, ते टेम्पोबरोबर एकदा स्वतः जाऊन पाहावे.

पैशाचा एक हप्ता मागे ठेवावा. छप्पर, न्हाणी आणि बाहेरच्या भिंती यांची परीक्षा मे महिन्यात होत नाही. कंत्राटदाराला सुरुवातीलाच सांगून, लिहून, बिलाचा ठरलेला भाग पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यायचा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला चहाला बोलवावे, दोघांनी मिळून माळ्यावर चढून वासे हाताने चाचपावेत, न्हाणीच्या मागची भिंत पाहावी. कोरडे असेल तर तिथेच पैसे मोजून द्यावेत. पुढच्या लेखांकात वायरिंग, अर्थिंग आणि महावितरणकडे भार वाढवून घेण्याची पद्धत.