भाड्याचें अंगण

बिऱ्हाड भाड्याचें असलें म्हणजे अंगणांतील माती कोणाची, हा प्रश्न वाचकांपैकीं पुष्कळांना पडला असेल. आम्हांला तो निगडीस प्राधिकरणांत राहावयास आल्यावर पडला. मागील बाजूस बारा फूट लांब व दहा फूट रुंद अंगण मिळालें, परंतु सगळें शहाबादी फरशीनें झांकलेलें. चैत्र-वैशाखांत नातवंडें त्यावर पाय ठेवीनात.

पूर्वीच्या एका बिऱ्हाडीं आम्हीं मालकांस न विचारतां पारिजातक लावला होता. तिसऱ्या वर्षीं फुलांचा सडा पडूं लागला आणि त्याच वर्षीं जागा सोडावी लागली. झाडाचें पुढें काय झालें तें पाहावयास आम्ही गेलों नाहीं. जमिनींत म्हणून पुन्हां कांहीं लावावयाचें नाहीं, असा नेमच सौभाग्यवतींनीं तेव्हांपासून केला.

मालक कचरतात तो निव्वळ हट्ट नव्हे. महाराष्ट्रांत १९७५ च्या कायद्याप्रमाणें शहरांतील झाड तोडावयास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अकरा महिन्यांचा बिऱ्हाडकरू झाड लावून जातो व तें मालकाच्या गळ्यांत पडतें. उलट १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानें परवाना संपल्यावर, परवानगीनें ठेवलेल्या वस्तु नेण्यास वाजवी मुदत दिली आहे. कुंडी त्यांत निःसंशय बसते; रुजलेल्या झाडाविषयीं मात्र वाद घालीत बसावें लागेल.

म्हणून या खेपेस आधीं विचारलें. मालकांनीं एकच फरशी काढण्याची संमति लिहून दिली. अट एवढीच कीं जातांना ती परत बसवून द्यावी. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत दोन झाडांमध्यें वीस हातांचें अंतर उत्तम व बारा हातांचें कनिष्ठ सांगितलें आहे. त्या मापानें आमच्या अंगणांत दुसऱ्या झाडाचा विचारच नको! मुरूम उपसून शेणखत व माती भरली आणि कढीलिंब लावला.

बाकी सर्व कुंड्यांत. कारखाने जवळ असल्यानें भंगारांत निळीं पिंपें स्वस्त मिळतात, परंतु पूर्वीं त्यांत कोणतें रसायन होतें हें विकणाराही सांगूं शकत नाहीं. भाजीपाल्यास तीं वर्ज्य समजावीं. आम्हीं मातीच्या कुंड्या घेतल्या. तळाच्या भोंकावर खापरी, वर दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू. कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे फरशीस डाग पडत नाहीं व मालकांशीं बोलाचालीही होत नाहीं. मोगऱ्याची पौषांत छाटणी केली व कांहीं दिवस पाणी तोडलें, तेव्हां सूनबाईंना आम्ही निर्दय वाटलों; चैत्रांत त्याच कुंडीनें देवापुढें वाटीभर कळ्या दिल्या.

पवनेचें पाणी रावेतहून उचलून निगडीच्याच केंद्रांत शुद्ध होतें, तरीही २०१९ च्या अखेरीस शहरांत तें एक दिवसाआड येऊं लागलें. तेव्हांपासून डाळ-तांदुळाचें धुवण कुंड्यांना घालण्याची संवय घराला जडली आहे.

काढलेली फरशी भिंतीशीं टेकवून ठेवली आहे. परवां मालक आले, त्यांनीं ती पाहिली आणि कढीलिंबाच्या दोन डहाळ्या मागून नेल्या. करार पुन्हां अकरा महिन्यांचा झाला. त्याच संध्याकाळीं सौभाग्यवतींनीं पारिजातकाचें एक रोप आणून कुंडींत लावलें.