भाड्याचें विमान आणि युद्धाचें आकाश

आगगाडी वेळापत्रकाप्रमाणें सुटते. टांगा मात्र आपण बोलावूं तेव्हां येतो आणि सांगूं तेथें नेतो. विमानांतही हाच भेद आहे. जें विमान ठराविक मार्गावर न धांवतां एखाद्या कामापुरतें सबंध भाड्यानें दिलें जातें, त्यास चार्टर विमान म्हणतात. जेथें पूल उडविले गेले आहेत आणि नेहमींच्या कंपन्यांनीं फेऱ्या थांबविल्या आहेत, तेथें पुष्कळदां हेंच विमान जातें. तेथें त्याचें रक्षण कशानें होतें, तें आज पाहूं.

दुसरें महायुद्ध १९४५ मध्यें संपल्यावर डाकोटा जातीचीं पुष्कळ लष्करी विमानें शिल्लक राहून स्वस्तांत विकलीं गेलीं. दोन एंजिनांचें हें विमान गवताच्या मैदानावरही उतरूं शके. त्याच्या बळावर हिंदुस्थानांत अनेक लहान विमान-कंपन्या निघाल्या. ओडिशाचे बिजू पटनायक यांची कलिंग एअरलाइन्स ही त्यांपैकींच एक.

इंडोनेशियानें १७ ऑगस्ट १९४५ रोजीं स्वातंत्र्य जाहीर केलें होतें. २१ जुलै १९४७ रोजीं डच सैन्यानें तेथें चढाई केली. त्याच महिन्यांत पटनायक यांनीं माजी पंतप्रधान सुतान शारीर यांस आपल्या डाकोटांतून जावा बेटाबाहेर काढलें.

पटनायक यांच्याच मालकीचें व्हीटी-सीएलए हें दुसरें डाकोटा २९ जुलै रोजीं सिंगापुराहून निघालें. आंत मलायाच्या रेडक्रॉसनें दिलेलीं औषधें होतीं. त्याच दिवशीं पहाटें इंडोनेशियन वैमानिकांनीं सेमारांग व सालातिगा येथील डच ठाण्यांवर बाँब टाकले होते. योग्यकर्ता येथील मगुवो विमानतळावर उतरण्याच्या बेतांत असतां डच लढाऊ विमानांनीं या डाकोटावर गोळ्या झाडल्या व तें भातशेतांत कोसळलें. नऊ जणांपैकीं आठ मृत्यु पावले. त्यांत इंडोनेशियन हवाई दलाचे आद्य पुरुष आदिसुचिप्तो व अब्दुलरहमान सालेह हे होते. योग्यकर्ता व मलंग येथील विमानतळांस पुढें त्यांचीं नांवें देण्यांत आलीं. उड्डाणाची वार्ता आगाऊ दिली होती, असें इंडोनेशियाचें म्हणणें; विमानावर रेडक्रॉसचें चिन्ह नव्हतें, असें डचांचें.

औषधें भरलीं म्हणजे विमान सुरक्षित झालें, असें नव्हे. १९४९ च्या जिनीव्हा करारांनीं रुग्णसेवेच्या विमानांस संरक्षण दिलें, तें एका अटीवर: उंची, वेळ आणि मार्ग यांविषयीं लढणाऱ्या पक्षांत आधीं एकमत झालेलें असावें. उडत्या नागरी विमानावर राष्ट्रांनीं शस्त्र चालवूं नये, असें कलम शिकागो करारांत १९८४ मध्यें घातलें गेलें. तें १९९८ मध्यें अंमलांत आलें.

आज संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम दक्षिण सुदान, येमेन अशा देशांत भाड्याच्या विमानांनीं मदतकार्य करणारी माणसें व औषधें पोंचवितो. अशा कामांत उड्डाणापूर्वींचे प्रश्नच मोठे असतात. धांवपट्टी पावसानें खचली नाहीं ना? ती कोणाच्या ताब्यांत आहे? परतीपुरतें इंधन आहे ना? उभय पक्षांनीं संमति दिली ना? एकाचेंही उत्तर न मिळाल्यास विमान जमिनीवरच ठेवावें लागतें, मग पलीकडे रोगी वाट पाहत असले तरी. वैमानिक शूर असला तरी त्यास हें चुकत नाहीं. वार्ता नुसती धाडून भागत नाहीं. ती पलीकडच्या तोफेपाशीं बसलेल्या शिपायापर्यंत पोंचली, याची खात्री करून घ्यावी लागते.