मेहकरची शीळ

मेहकरला रेल्वे नाही. तेव्हाही नव्हती, आजही नाही. इंग्रजांनी १८७० मध्ये जलंबहून फाटा काढून खामगावपर्यंत रूळ नेले, ते वऱ्हाडच्या कापसासाठी. उद्घाटनाला खुद्द लॉर्ड मेयो आले होते. पैनगंगेकाठचे मेहकर मात्र आपल्या शारंगधर बालाजीसह आणि कंचनीच्या पडक्या महालासह बाजूलाच राहिले. या गावात आयुष्यभर वकिली केलेल्या एका कवीच्या शब्दांवर मराठी भावगीताची पहिली तबकडी निघाली, हे आजच्या तरुणाला सांगितले तर त्याला ते चटकन पटायचे नाही.

कवी ना. घ. देशपांडे. जन्म १९०९ चा, बुलढाणा जिल्ह्यातल्या शेंदुर्जनचा. कवितेचे नाव ‘शीळ’. तिला चाल लावून ती गाणारे होते जी. एन. जोशी. साल १९३२. कवी आणि गायक एकाच पिढीचे, दोघेही कायदा शिकलेले. पुढे एकाने वकिली केली आणि कविता सांभाळली. दुसऱ्याने वकिली सोडली आणि गाणे धरले. दोघांच्या वाटा त्या एका तबकडीवर भेटल्या.

तो काळ डोळ्यांपुढे आणायला हवा. घराघरांत नाट्यसंगीत होते. रविकिरण मंडळाचे कवी आपल्या कविता सभांतून गाऊन दाखवत, पण ते कवीचे गाणे. त्याला साथसंगतीचा थाट नव्हता. त्याच १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला आणि गाणे पडद्यावर गेले. अशा वेळी रानातून आलेली एक शीळ, ती ऐकून एका मुलीच्या मनाची झालेली तारांबळ, आणि हे सारे बोलीच्या वळणाच्या साध्या शब्दांत! ना रंगभूमीवरचा प्रसंग, ना तानांची आतषबाजी. तीन-सव्वातीन मिनिटांत एक भाव उभा करायचा आणि थांबायचे. भावगीत म्हणतात ते हेच. पुढे गजानन वाटव्यांनी ही वाट चौकाचौकांत नेली आणि १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ घरोघर पोहोचले, तोवर मराठी कान या गाण्याला सरावले होते. पहिली शीळ मात्र बुलढाणा जिल्ह्याची.

‘शीळ’ गाजली. जोशींनी ना. घं.च्या आणखीही कविता गायल्या. गंगूबाई हनगल यांच्याबरोबर त्यांनी म्हटलेली मराठी द्वंद्वगीतेही लोकांच्या ओठांवर आली. इथेच गोष्ट संपली असती, तर जुन्या गायकांच्या यादीतले ते एक नाव झाले असते. पण १९३८ च्या सुमारास जोशी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’मध्ये ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणून गेले आणि तीन दशकांहून अधिक काळ तिथे राहिले. मायक्रोफोनच्या पुढे उभा राहणारा माणूस आता काचेच्या पलीकडे बसू लागला.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. टेप येण्यापूर्वी ध्वनिमुद्रण मेणाच्या जाड तबकडीवर होई. गवयाला ठसका लागला, तबलजीचा हात चुकला, की ती तबकडी वाया. जोडकाम नाही, दुरुस्ती नाही. दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे तीन मिनिटांच्या आतबाहेर. ज्याला एका रागाचा नुसता आलाप मांडायला अर्धा तास लागतो, अशा बुजुर्गाला ‘खाँसाहेब, तीन मिनिटांत आटपा’ असे सांगायचे कुणी? आणि तेही त्यांचा मान राखून? अनेक जुन्या गवयांच्या मनात यंत्राबद्दल अढी होती. आपली चीज दुसरे उचलतील, पानपट्टीच्या दुकानात आपले गाणे वाजेल, ही भीती होती. त्यांची समजूत घालायला हिशेबनीस कामाचा नव्हता. गाणे कुठे रंगते आणि कुठे आवरते घ्यावे, हे स्वतः गाऊन ठाऊक असलेला माणूस हवा होता. जोशींना ते ठाऊक होते.

त्या समजुतीची किंमत काय, हे पाहायचे तर जे मुद्रित झाले नाहीत त्यांच्याकडे पाहावे. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत होते. ग्रामोफोन आपल्याकडे १९०२ पासून होता. तरी खाँसाहेबांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचाही स्वर आपल्याला ऐकायला मिळत नाही. त्यांचे मोठेपण आपण शिष्यांच्या गाण्यावरून ताडतो, ऐकलेल्यांच्या आठवणींवर विश्वास ठेवतो. उलट दत्तात्रेय विष्णू पलुस्करांकडे पाहा. १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. पण त्यांच्या तबकड्या निघाल्या होत्या. म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्यांनाही ते गवई म्हणून माहीत आहेत, केवळ विष्णू दिगंबरांचा मुलगा म्हणून नव्हे. बडे गुलाम अली, अमीर खाँ, बेगम अख्तर अशा थोरांच्या सहवासाच्या हकिकती जोशींनी पुढे ‘स्वरगंगेच्या तीरी’ या आठवणींत लिहिल्या.

साठीच्या दशकात लाँग प्ले तबकडी रुळली आणि तीन मिनिटांची वेसण सुटली. एका बाजूवर वीसेक मिनिटे मिळू लागली. त्या मोकळिकीचे जोशींनी काय केले? १९६७ मध्ये त्यांनी तिशीच्या आसपासचे तीन वादक एकत्र आणले: संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. तबल्याला माणिकराव पोपटकर. संतूर तेव्हा शास्त्रीय मंचावर नवखे होते आणि गिटार हे काही रागदारीचे वाद्य आहे का, असे विचारणारे पुष्कळ होते. या तिघांनी काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस रागांतून मांडला. पहाटे अहिरभैरव, शेवटी पहाडी. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हे तिचे नाव. ही तबकडी पार परदेशात जाऊन पोहोचली आणि आजही ऐकली जाते.

या दोन तबकड्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट जाणवते. १९३२ ची पहिली, रानातून येणाऱ्या शिळेची. १९६७ ची दुसरी, डोंगरातल्या बासरीची. मध्ये पस्तीस वर्षे गेली. पहिल्या वेळी जोशी स्वतः गात होते, दुसऱ्या वेळी त्यांचा स्वर तबकडीत कुठेही नव्हता. पण मोकळ्या रानातला एक आवाज पकडून तो घरातल्या माणसापर्यंत न्यायचा, हा ध्यास तोच होता, असे मला वाटते. गवयाने आपले गाणे दुसऱ्यांच्या गाण्यासाठी मागे ठेवावे, ही गोष्ट सोपी नाही. टाळ्या समोरच्याला मिळतात. काचेमागच्या माणसाला मिळते ते एवढेच, की नोंद राहिली.

इकडे ना. घ. मेहकरलाच राहिले. ‘शीळ’ हे गाणे १९३२ मध्ये सर्वतोमुखी झाले, आणि त्याच नावाचा त्यांचा पहिला संग्रह निघायला १९५४ साल उजाडले. १९८६ मध्ये ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शेवटच्या काळातल्या एका संग्रहाला त्यांनी गावातल्या पडक्या वास्तूचेच नाव दिले, ‘कंचनीचा महाल’. जोशी १९९४ मध्ये गेले, ना. घ. २००० मध्ये. एकाची उमर माणसांच्या आणि आवाजांच्या मागे फिरण्यात गेली, दुसऱ्याने गाव सोडले नाही; आणि गाणे मात्र दोघांच्याही पुढे निघून गेले.

आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. ना मेणाची तबकडी लागते, ना तीन मिनिटांची घाई. लोणार, सिंदखेडराजा, चिखली, नांदुरा भागातल्या गावांतून जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या म्हाताऱ्या अजून सापडतात, भजनी मंडळातले एखादे जुने बुवा ठेवणीतली चाल अजून म्हणतात. आपण त्या यंत्रावर लग्नातला बँड धरून ठेवतो आणि आजीची ओवी ‘पुढच्या वेळी’वर ढकलतो. अल्लादियाखाँच्या बाबतीत संगीताचे जे झाले, तेच आपल्या घराच्या बाबतीत आपल्या हाताने होत असते.

यंत्र नव्हते म्हणून आवाज गेले, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. या दिवाळीत गावी जाल, तेव्हा एक दुपार त्यासाठी ठेवा. म्हणणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख आधी मोठ्याने बोला, म्हणजे तीही मुद्रित होईल. मग गप्प बसा आणि त्यांना म्हणू द्या.