सकाळी दहाच्या आत धरणारं कलिंगड

पहिल्या वर्षी गच्चीवरच्या कलिंगडाच्या वेलीला रोज पिवळी फुलं यायची आणि रोज संध्याकाळपर्यंत मिटून जायची. आठ दिवस हा प्रकार बघून मी घरात जाहीर करून टाकलं, की बियाणं खोटं निघालं. बियाण्याचा काहीच दोष नव्हता. ती सगळी नरफुलं होती.

काकडी, दोडका, भोपळा यांच्या कुळातल्या बहुतेक वेलींवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. आधी नरफुलं, मग आठवड्या-दहा दिवसांनी मादीफुलं. मादीफूल ओळखायला भिंग लागत नाही. पाकळ्यांच्या मागे वाटाण्याएवढं केसाळ, हिरवं कलिंगड आधीच बसलेलं असतं. वनस्पतिशास्त्रात त्याला अंडाशय म्हणतात. तो फुगत जाईल की चार दिवसांत पिवळा पडून गळेल, हे एका सकाळीच ठरतं. फूल सूर्योदयानंतर उमलतं, दुपारी मिटतं आणि पुन्हा उघडत नाही.

या कुळातले परागकण जड आणि चिकट, त्यामुळे वाऱ्याचा उपयोग नाही, मधमाशीच हवी. तीही एकदा येऊन भागत नाही. मादीफुलाच्या मधल्या कुक्षीचे तीन भाग असतात आणि तिन्हींवर मिळून पाचशे ते हजार परागकण पडले, तर फळ चांगलं धरतं. म्हणजे मधमाशांच्या आठ-दहा चकरा तरी झाल्या पाहिजेत. मोठे बागायतदार फुलोऱ्याच्या दिवसांत शेतात मधपेट्या ठेवतात ते याचसाठी. माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत मधमाश्या यायच्या, पण पाहुण्यासारख्या.

मग ते काम आपण करायचं. सकाळी दहाच्या आत ताजं नरफूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि आतला पिवळा बोंडा मादीफुलाच्या कुक्षीवर हलक्या हाताने फिरवायचा, तिन्ही भागांवर. एका मादीफुलाला दोन-तीन नरफुलं वापरली तर उत्तम. तीन-चार दिवसांत देठ खाली झुकला आणि मागचं फळ चकाकायला लागलं, की समजायचं धरलं.

तिन्ही भागांचा आग्रह का? परागकणांतून निघालेल्या नळ्या आत जाऊन बीजांडं फळवतात आणि तिथं तयार होणारी संप्रेरकं आजूबाजूच्या पेशींना वाढायला लावतात. ज्या बाजूला बी धरलं नाही ती बाजू मागे राहते आणि फळ वाकडं होतं. बाजारात मिळणारं बिनबियांचं कलिंगडही या नियमातून सुटलेलं नाही. जपानी शास्त्रज्ञ हितोशी किहारा यांनी गुणसूत्रांचे तीन संच असलेली ही जात घडवली. तिच्यात पक्कं बी धरत नाही, पण फळाला वाढीचा इशारा देण्यासाठी साध्या कलिंगडाचे परागकण लागतातच. म्हणून तिच्या शेतात मधूनमधून बियांच्या जातीच्या ओळी लावतात.

खरबूज लावणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. खरबुजाच्या मुख्य वेलीवर बहुतेक नरफुलंच येतात; फळ धरणारी फुलं बाजूच्या फांद्यांवर. म्हणून वेलीला चार-पाच पानं आली की शेंडा खुडतात. हेच कलिंगडाला केलं तर नुकसान, कारण त्याची पहिली मादीफुलं मुख्य वेलीवरच येतात. दोन्हींना एकच नियम लावणारे सल्ले मी बरेच ऐकले आणि एकदा अमलातही आणले.

आता गोडीविषयी. आंबा आणि केळं झाडावर असताना पिष्टाचा साठा करून ठेवतात. अढीत घातल्यावर त्या पिष्टाची साखर होते. कलिंगडाकडे आणि खरबुजाकडे असा साठा नसतो. खरबूज तोडल्यावर मऊ होतं, घमघमतं, पण त्याची साखर वाढत नाही. कलिंगडाचं तर काहीच पुढे सरकत नाही. तोडलं त्या क्षणी जेवढं गोड, तेवढंच. सगळी साखर पानांत तयार होऊन देठातून फळात येते आणि तिचा मोठा भाग शेवटच्या दोन-अडीच आठवड्यांत जमा होतो. त्याआधी आलेली बरीचशी साखर फळाचा आकार वाढवण्यात खर्ची पडते.

त्यामुळे एप्रिलमध्ये पानांवर भुरी पसरली आणि ‘फळ तर मोठं झालंय’ म्हणून आपण दुर्लक्ष केलं, की मोठं पण पाणचट कलिंगड हाती येतं. एका वेलीवर सहा फळं मिरवण्याचा मोहही इथेच महागात पडतो. जपानमधल्या शिझुओकात क्राउन मेलन नावाचं महागडं खरबूज पिकवतात. तिथं एका वेलीवर एकच फळ ठेवतात, बाकीची कोवळी असतानाच काढून टाकतात. आपण इतकं कठोर व्हायला नको, पण चाळीस-पन्नास लिटर मातीच्या पिंपात एक वेल आणि तिच्यावर दोन फळं, याहून जास्त हाव धरू नये. जात निवडताना शुगर बेबीसारखी लहान, गोल, गडद हिरव्या फळांची निवडावी. मांडवावर चढवली तर फळाला जुन्या ओढणीची झोळी बांधता येते.

बी पेरायला जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ बरा. रात्री गार असल्या तर ते मातीत नुसतं पडून राहतं किंवा कुजतं. २५ ते ३० अंशांची ऊब मिळाली तर ते पटकन रुजतं. मटकीला मोड आणतो तसं ओल्या फडक्यात बांधून घरात ठेवलं की काम होतं. रोपाची मुळं दुखावली तर ते रुसतं, म्हणून शक्यतो मोडाचं बी थेट मोठ्या पिंपातच लावावं.

मातीत वाळू सढळ हाताने मिसळावी. कोकणात भात निघाल्यावर आणि आपल्या कित्येक नद्यांच्या पात्रांत पाणी ओसरल्यावर कलिंगडं लावतात, त्यामागे अनुभव आहे. वाळू लवकर तापते, तिच्यातून पाणी झिरपून जातं आणि खाली खोलवर ओल राहते. ही वेल मूळची आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातली. तिच्या सर्वांत जवळच्या रानटी नातलगाचा माग २०२१ मध्ये सुदानमधल्या कोर्दोफानच्या फळापर्यंत लागला. मुळं तुंबलेल्या पाण्यात राहिली तर ती सडते. युरिया ओतला तर नुसतीच पानं माजतात. आणि कोरड पडल्यावर एकदम भरपूर पाणी दिलं, तर फळ तडकतं. काढणीच्या आधी आठवडाभर पाणी कमी करावं, पण पानं माना टाकतील इतकं नाही.

शेजारच्या काकूंनी मला बजावलं होतं, कारल्याजवळ लावू नकोस, कडू होईल. त्यांचं प्रेम खरं, शास्त्र चुकीचं. कारलं आणि कलिंगड यांचा संकर होतच नाही. काकडीचाही नाही. आणि शेजारच्या दुसऱ्या जातीच्या कलिंगडाचे परागकण आले तरी त्यांचा वाटा फक्त बीमध्ये उतरतो. आपण खातो तो गर मातृवेलीचाच असतो. फरक पडला तर ते बी पेरल्यावर, पुढच्या वर्षी.

फळमाशीचं मात्र खरं आहे. कोवळ्या फळात ती अंडी घालते, आतून अळ्या गर पोखरतात. धरलेल्या फळाला चार दिवसांतच कागदी किंवा पातळ कापडी पिशवी घालावी. सडलेलं फळ कंपोस्टमध्ये टाकू नये, कारण अळी मातीत जाऊनच कोष करते. ते पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावं.

काढायचं केव्हा, हे खरबूज स्वतःच सांगतं. देठाभोवती गोल भेग पडते, वास सुटतो आणि हाताने अलगद निघतं. कलिंगड इतकं बोलकं नाही. फळाजवळचा दोऱ्यासारखा तंतू वाळतो, टेकलेल्या भागावरचा पांढरा डाग लोण्यासारखा पिवळा होतो आणि कच्चं असताना टणटण वाजणारं फळ बदबद वाजायला लागतं. झोळीत लटकणाऱ्या फळाला तो डाग पडत नाही, तिथे तंतू आणि तारीख बघावी. परागीभवनाच्या दिवशी देठाला तारीख लिहिलेली सुतळी बांधून ठेवायची आणि पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास बाकीच्या खुणा तपासायच्या.

दुसऱ्या वर्षी माझ्या वेलीवर दोन फळं टिकली. पहिलं गोल, साधारण तीन किलोचं, कापताना सुरी टेकताच कर्रकन उललं. दुसरं एका बाजूला चपटं होतं. त्या बाजूच्या बिया पांढऱ्या आणि पोकळ निघाल्या. सुतळीवरची तारीख बघितल्यावर आठवलं, त्या सकाळी मला ऑफिसची बस गाठायची होती.