हवा वाढली, पेट्रोल कुठून आणायचे?

नंदनवनातल्या एका गॅरेजमध्ये फळीवर एक पिस्टन ठेवलेला आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातला दट्ट्या तो हाच. त्याच्या माथ्याला रुपयाच्या नाण्याएवढे भोक आहे. एका तरुणाने जुन्या गाडीत १.६ लिटरचे दुसरे इंजीन बसवून घेतले, त्यावर सुपरचार्जर चढवला आणि पंप, नळ्या, तारा, इंजेक्टर मात्र जुनेच राहू दिले. मे महिन्यात गाडी सुसाट पळाली. डिसेंबरातल्या एका पहाटे इंजीन गेले. उन्हाळा सोसला आणि थंडी सोसली नाही, हे कोडे वर्गात मांडण्याजोगे आहे.

इंजीन हा मुळात हवेचा पंप आहे. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर भरतात. मिनिटाला ६००० फेरे, म्हणजे ३००० भरणे, गुणिले १.६, म्हणजे ४८०० लिटर हवा. प्रत्यक्षात सिलिंडर ८५ टक्केच भरतात असे धरू. नागपूरच्या ४५ अंश उन्हात एक घनमीटर हवा सुमारे १.०६ किलो भरते, तेव्हा मिनिटाला ४.३ किलो हवा आत जाते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, पण पूर्ण जोरात धावताना मिश्रण थोडे दाट, म्हणजे १२.५ ला १ असे ठेवतात. हिशेब तासाला सुमारे २८ लिटरचा येतो.

सुपरचार्जर हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा दाबपंप. त्याने अर्धा वातावरण दाब जास्त दिला तरी हवा दीडपट होत नाही, कारण दाबताना ती तापते. सायकलचा पंप मारताना हाताला लागते तीच ही उष्णता. घनता १.३ पट वाढली असे धरू. शिवाय अशा इंजिनाला मिश्रण आणखी दाट, ११.५ ला १ द्यावे लागते. जादा पेट्रोल बाष्प होताना उष्णता शोषते. आता गरज तासाला जवळजवळ ४० लिटरची झाली.

इंजेक्टर ही विजेने उघडणारी बारीक तोटी. ६००० फेऱ्यांना दोन फेऱ्यांचा वेळ फक्त २० मिलिसेकंद असतो. जुना इंजेक्टर आधी त्यातले १५ मिलिसेकंद उघडा राहत असेल, तर आता तो २१ मिलिसेकंद उघडा राहायला हवा. वेळ आहे २०! संगणकाने कितीही हिशेब केला तरी घड्याळ थांबत नाही. म्हणून मोठ्या तोटीचे इंजेक्टर घालावे लागतात.

दुसरी अडचण दाबाची. पेट्रोल नळीत ३ बार दाबाने येते आणि हवेच्या वाटेत शिंपडले जाते. त्या वाटेतच अर्धा बार दाब असला तर ढकलणारा फरक २.५ बारच उरतो. प्रवाह फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे गरज वाढली त्याच क्षणी पुरवठा ९ टक्क्यांनी घटतो. यासाठी दाबनियंत्रकाला हवेच्या वाटेतून एक बारीक नळी जोडतात. तिकडचा दाब वाढला की पेट्रोलचाही तेवढाच वाढतो. मात्र वाढीव दाबाविरुद्ध टाकीतला पंप कमी पेट्रोल देतो. म्हणून मोठा पंप, आणि त्याला बॅटरीपासून रिलेमधून स्वतंत्र जाड तार. जुन्या बारीक तारेत व्होल्ट दोन व्होल्ट गळतात आणि नवा पंपही मंद फिरतो. ओहमचा नियम शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. महागडा पंप घेणारे लोक तारेत काटकसर करतात, हे मला नेहमी नवलाचे वाटते.

आता डिसेंबर. ४५ अंशांऐवजी १० अंशांची हवा १२ टक्के जड असते. मागणी ४० वरून ४५ लिटरवर गेली आणि इंजेक्टर तर उन्हाळ्यातच संपला होता. मिश्रण विरळ झाले, पेट्रोलने मिळणारा गारवा गेला आणि ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता उरलेले मिश्रण आपोआप भडकू लागले. ही ठोकर पिस्टनच्या माथ्यावरचा थंड वायूचा पातळ थर पुसून टाकते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. ज्वाळा २००० अंशांच्या वर असते.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल तर गरज आणखी वाढते, कारण इथेनॉलला नऊपटच हवा पुरते. नागपुरात २०१४ साली इथेनॉलवरची स्कॅनियाची बस धावू लागली. डिझेलच्या मानाने इथेनॉलमध्ये किलोमागे ऊर्जा बरीच कमी, म्हणून तिच्या इंजिनात इंजेक्टरची छिद्रे मोठी केलेली होती. २०१८ मध्ये ती सेवा बंद पडली.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, इंजीन बदलायलाही परवानगी लागते. मुलांना हेही सांगावे.

वर्गमुळाचा नियम पाहायला पेट्रोल नको. पीव्हीसी पाइपचे खालचे तोंड बंद करा, तळाशी खिळ्याने एक छिद्र पाडा. पाण्याची पातळी आधी १० आणि मग ४० सेंटिमीटरवर टिकवून धरा आणि अर्ध्या मिनिटात पडलेले पाणी मोजपात्रात मोजा. दुसऱ्या वेळी ते चौपट नव्हे, सुमारे दुप्पट भरेल.