फिरता कंपोस्ट ड्रम घरी कसा बनवायचा?

ओल्या कचऱ्याला दुर्गंधी का सुटते? कारण आत हवा पोहोचत नाही. मग ऑक्सिजनशिवाय वाढणारे जिवाणू फोफावतात. वास आला की शेजारी कुरकुरतात आणि घरचा खतप्रकल्प तिथेच थांबतो.

फिरता ड्रम यावर सोपा उपाय आहे. 200 लिटरचा जुना प्लास्टिक ड्रम घ्यावा. त्यात पूर्वी रसायनं भरलेली नसावीत. दोन्ही टोकांच्या मध्यातून लोखंडी पाइप आरपार घालून ड्रम दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवावा. बाजूला दार कापून बिजागरी आणि कडी लावावी. हवेसाठी सगळीकडे बोटाएवढी भोकं पाडावीत.

एक भाग ओला कचरा, दोन भाग सुका पाला असं प्रमाण ठेवावं. ड्रम पूर्ण भरू नये, नाहीतर आतला माल उलटापालटा होत नाही. दर दोन-तीन दिवसांनी फिरवावा. मूठभर माल दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडला तर ओलावा बरोबर. पाणी गळलं तर सुका पाला वाढवावा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोज नवा कचरा टाकत राहणं. त्यामुळे खत कधीच तयार होत नाही. ड्रम पाऊण भरला की भर थांबवावी आणि दुसरा ड्रम सुरू करावा. माल काळसर, भुसभुशीत झाला आणि मातीचा वास आला, की खत तयार!