त्रास नसतानाच तपासणी हवी

“डॉक्टर, काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?” ओपीडीत अनेक महिला विचारतात. कारण एचपीव्ही हा विषाणू गुपचूप काम करतो. स्वतःच्या डीएनएची प्रत काढणारी पूर्ण यंत्रणा त्याच्याकडे नसते. त्याची ई-१, ई-२ प्रथिने आपल्याच पेशीतील प्रथिनांना त्या कामाला जुंपतात. पेशी विभागत राहावी म्हणून ई-७ आपल्या आरबी प्रथिनाला, तर ई-६ पी-५३ला निकामी करते. संसर्ग बहुतेकींत आपोआप जातो. टिकला तर हे सुटलेले लगाम काही वर्षांनी गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवतात.

बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखावर महिलांचा अभ्यास झाला. एकाच एचपीव्ही तपासणीने आणि वेळीच उपचाराने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. तिशी ओलांडली? तपासणी करून घ्या.